विजयचं जपानी घर

सौ. कमलिनीस, कपाळावर टेंगूळ घेऊन बसलेल्या नवऱ्याचा नमस्कार.

काळजी नको, टेंगूळ बारीक आहे. तुझ्या लाडक्या विजयने जपानी खेड्यात घेतलेल्या घराची चौकट लागली. घर कसलं! मातीच्या भिंती, कागदाची दारं. म्हणे ऐतिहासिक! भोपाळला आपल्या कंपनीच्या टाउनशिपचा सायकल स्टँड याहून पक्का. आणि चिरंजीव सुट्टीभर भिंतीच लिंपतायत.

काल छप्पर गळलं. मी विचारलं, "मेंटेनन्सचं ऑफिस कुठाय?" दिवटा हसत सुटला. "बाबा, घर आपलं आहे. आपणच चढायचं."

चढलो. जन्मात पहिल्यांदा.

गुडघे कसे आहेत तुझे? रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायचंच आहे. कोलार रोडच्या फ्लॅटला नाही म्हण. घर बघ. गळकं असलं तरी चालेल.

तुझा,
गोपीनाथ