माह्याच अर्जानं लागलेला तलावावरचा लाइट तीन राती बंद ठेवण्याबाबत

दिनांक : २ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत बोडीटोला,
ता. लाखांदूर, जि. भंडारा

विषय : तलावाच्या पाळीवरचा (बांधावरचा) मोठा लाइट तीन अमावस्यांले दोन-दोन घंटे बंद ठेवण्याबाबत.
संदर्भ : हाच लाइट लावून द्या म्हणून मीच केलेला अर्ज, दोन वर्षांआधीचा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो का, मी यादोराव सीताराम कापगते, वय ६७, शिक्षण चौथी, धंदा धानाची शेती. बोलतो तसंच लिवून राहिलो, सांभाळून घ्या.

१. दोन वर्षांआधी माही बायको कलाबाई अंधारात तलावाच्या पाळीवरून घसरली, मनगट मोडलं. मंग मीच अर्ज केला. त्यात लिवलं होतं, सुई पडली तरी दिसली पाहिजे इतला उजेड पाडा. आपण पाडला. सुई दिसते. त्याबद्दल तक्रार नाही.

२. पण वरचं काहीच दिसत नाही. माह्याजवळ दुर्बीण हाय, पवनीच्या परसराम गुरुजींनी रिटायर झाल्यावर देल्ली. तिले मी राइस मिलमधला जुना सीसीटीव्ही कॅमेरा बसवला अन् वायर घरच्या टीव्हीले जोडली. मृगाच्या तीन चांदण्यांखाली एक धुकट डाग हाय. कॅमेरा त्याचा उजेड थेंब थेंब जमा करते, मंग टीव्हीवर चित्र उमटते. गुरुजी सांगतात, तिथं नव्या चांदण्या तयार होऊन राहिल्या. कलाबाईनं पाह्यलं अन् म्हणे, "हे तं पऱ्ह्याची बांधी होय जी! इथचा रोवणा कोण करते?" साहेब आपण अमरावतीकडचे, म्हणून सांगतो : पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, अन् रोवणा म्हणजे लावणी.

३. लाइट लागला तवापासून टीव्हीवर नुसता पांढरा पडदा. मी गोणपाटाचा बोरा घेऊन लाइटले टोपी घालाले खांबावर चढलो. वायरमन केवळराम खालून ओरडला, "उतरा ना मामा, नाही तं तुम्हीच चांदणी व्हान!" उतरलो. मंग आपल्या कार्यालयात आलो, तं आपण म्हणाले, ज्यानं लाइट मांगला त्यानंच बंद करा म्हणावं, असा रकाना रजिस्टरमंधी नाही. तरी एक रकाना पाडून घ्यावा.

४. खांबाजवळचं धान यंदा निसवलं नाही, लोंबीच धरली नाही, त्याले रातच झाली नाही. माहा कोंबडा बारा वाजता आरवते. हे दोन मुद्दे अर्जाले वजन यावं म्हणून लिवले. खरं कारण खाली हाय.

५. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, कलाबाईच्या डोळ्यामागचा पडदा खराब होऊन राहिला, उन्हाळ्यापर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या. मी तिले म्हटलं, चाल, नागपूर दाखवतो. ते म्हणे, "नागपूर कायले? माही बांधी दाखवा."

करिता मार्गशीर्ष, पौष अन् माघ अमावस्येले रात्री आठ ते दहा लाइट बंद ठेवावा. तेवढ्या वेळात कोणी पडू नये म्हणून टॉर्चले लाल कागद लावून मी स्वतः पाळीवर उभा राहीन, येणाऱ्या-जाणाऱ्याले हात धरून पलीकडं नेईन. कॅमेरा सून उर्वशी सांभाळते. मी टीव्हीजवळ नसलो तरी चालते. माहं पाहून झालं.

दोन्ही अर्जांचा एकच अर्जदार,
(सही)
यादोराव सीताराम कापगते

सोबत :
जुन्या अर्जाची झेरॉक्स.
डॉक्टरची चिठ्ठी.
टीव्हीवरून काढलेले दोन फोटो. दुसरा कोरा नाही, तो लाइट लागल्यावरचा हाय.