तीन मोटरी, एक जीभ

प्रिय सगुणा,

तुझा राग अजून गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे. संक्रांतीला फोन केला तेव्हा "बरी आहेस ना" एवढंच विचारलंस आणि आईकडे न देता ठेवून दिलास. तुझंही बरोबर आहे म्हणा. अकरा होळ्या झाल्या. दर वर्षी मी येते म्हणते, आई पुरणाची डाळ भिजत घालते, दुपारपासून पडवीत बसून गाडीची वाट बघते, आणि संध्याकाळी माझा फोन येतो की जमत नाही. एकदा म्हैस व्यायली, एकदा मला ताप आला, एकदा ह्यांची पाठ धरली. अगं, आमच्याकडे म्हैस नाहीच. विकून किती वर्षं झाली! गेल्या शिमग्याला आई तुझ्याजवळ म्हणाली ना, गोदूला आता समुद्राचं वारं लागलं, आपण कुठे आठवणार? ते तू मला सांगितलंस आणि मी दोन दिवस जेवले नाही. म्हणून आज खरं काय ते लिहिते. फोनवर बोलता येत नाही, कारण फोन ह्यांच्या खिशात असतो आणि सांगायचं आहे ते ह्यांच्याबद्दलच.

आमच्या गावच्या विहिरीचं तुला माहीतच आहे. खाडी तिथून हाकेच्या अंतरावर. एरवी पाणी गोड, पण अवस-पुनवेला उधाणाची भरती आली की विहिरीत पाणी चढतं आणि ते मचूळ असतं. अशा वेळी मोटर उपसत राहिली तर खारं पाणी आणखी ओढलं जातं आणि टाकीची वाट लागते. म्हणून उधाणाच्या तीन-चार दिवसांत मोटर चालू करण्याआधी आणि नंतर दर तासाला कोणीतरी पाणी चाखून बघायचं. गावची मोटर चालवायची पंचायतीची नोकरी ह्यांची, म्हणून हे कामही ह्यांचंच. गाव ह्यांना नामा पाणीवाला म्हणतं ते उगीच नाही. पण बाई, सतत तंबाखू-चुना दाबून ह्यांची जीभ मेली. अकरा वर्षांपूर्वी एका पुनवेला हे म्हणाले, गोड आहे. मोटर चालली, आणि गावाच्या चुलीवर सकाळी खारट चहा उकळला. गावाने उधाणावर खापर फोडलं म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं असतं तर नोकरी गेली असती, आणि ह्यांना दुसरं काही येत नाही. तेव्हापासून ह्यांचा डबा घेऊन विहिरीवर मी जाते, आणि डब्याच्या निमित्ताने पाणी मी चाखते. हे बटण दाबतात. ना गावाला पत्ता, ना तुला.

आता बघ, आपले सण येतात कधी? होळी पुनवेला, कोजागिरी पुनवेला, दिवाळीची मोठी पूजा अवसेला. जेव्हा सगळ्या बायका माहेरी जायला पिशव्या भरतात तेव्हा मी विहिरीच्या काठावर तोंडात पाणी घेऊन उभी! भावकीतली लग्नंसुद्धा मी भरती-ओहोटी बघून केली. शेजारची मनुबाई मला म्हणते, तुझा भारी जीव ग नवऱ्यावर, एक दिवस सोडवत नाही. मी आपली हसते. खरं तर खुंट्याला बांधल्यासारखं झालं होतं मला.

गेल्या पुनवेचं उधाण ओसरल्यावर पंचायतीने तीन मोटरींवर एक ऑटोमॅटिक पॅनल बसवलं. कुलदीप नावाच्या मेकॅनिकने चार दिवस राहून आम्हाला शिकवलं. टाकी रिकामी होत आली की पॅनल आपोआप मोटर लावतं, भरली की बंद करतं. आज पहिली मोटर तर उद्या दुसरी, म्हणजे एकीवरच ताण नको. विहिरीत पाणी कमी असेल तर एकच, जास्त असेल तर दोन, भरपूर असेल तर तिन्ही. आणि जे काही होईल त्याचा मेसेज ह्यांच्या फोनवर. बटण ऑटोवर टाका आणि झोपा, असं तो म्हणाला. अगं, मी घरी येऊन पिशवी काढली. त्यात आईसाठी घेतलेलं लुगडं घडी करून ठेवलं. होळीला अजून तीन आठवडे होते तरी ठेवलं.

मग अवस आली. सकाळी अकराला फोन वाजला, दुसरी मोटर चालू. लगेच तिसरी, मग पहिलीही चालू. हे खूश, म्हणाले बघ कसं पटापटा भरतंय. मी मात्र हातातलं काम तसंच टाकलं. अवसेचं पाणी, भरतीची वेळ! धावत गेले, नळाखाली ओंजळ धरली. मचूळ. पॅनल बिचारं काय करणार, त्याला पाणी चढलेलं दिसतं, ते खाडीचं आहे हे कुठे कळतं? त्याच्या लेखी विहीर भरपूर भरली होती. मीच बटण ऑटोवरून हातावर फिरवलं आणि तिन्ही मोटरी बंद केल्या. टाकीत थोडं गेलं होतं, ते सोडून दिलं. नशिबाने वेळेत कळलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत हा विषय निघाला. कुलदीपला फोन लावला. तो म्हणाला, खारेपणा ओळखणारं यंत्र वेगळं येतं, ते ह्या पॅनलमध्ये नाही, तोवर उधाणाचे दिवस हातावरच चालवा. सरपंच जागृतीताई हसून म्हणाल्या, मग चिंता कसली, आपला नामा आहे ना, त्याच्या जिभेला तोड नाही. सगळे हसले. हे मान खाली घालून बसले. मी बायकांच्यात होते. त्या घटकेला मला वाटलं, आता मी मरेपर्यंत इथेच. उठून ओरडून सांगावं असं फार वाटलं. पण चारचौघांत ह्यांचं तोंड बघवलं नसतं मला.

घरी आल्यावर मात्र मी बोलले. भांडले नाही, रडलेसुद्धा नाही. म्हटलं, "मी होळीला माहेरी तळ्याला चालले. तुम्ही जागृतीताईंना खरं सांगा, नाहीतर तंबाखू सोडा."  ह्यांनी खिशातली पुडी काढून चुलीत टाकली. मला वाटलं, उद्या दुसरी आणतील. नाही आणली. चार दिवस घरात वाघ कोंडल्यासारखे फिरत होते, डोकं दुखतं म्हणत होते, माझ्यावर खेकसत होते. मी ऐकून घेतलं. आणि रोज एका भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकत राहिले. हे मुकाट जेवायचे. सहा दिवस, सात दिवस, तसंच. मी ह्यांच्या ताटाकडे बघत बसायची.

काल वांग्याची भाजी होती. पहिला घास घेतला, थांबले, ताट जरा पुढे सरकवलं आणि म्हणाले, "गोदू, मीठ जास्त पडलंय." सगुणा, सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी रडायला लागले तर हे घाबरले, म्हणाले एवढंही काही जास्त नाही.

आज तीन तांबे भरून ठेवले. एक विहिरीचा, एक खाडीचं पाणी थोडं मिसळलेला, एक जरा जास्त मिसळलेला. दोन बरोबर ओळखले, एक चुकले. थोडं मिसळलेलं गोड म्हणाले. उद्या पुन्हा बघू, परवाही बघू.

शाळेतल्या रुचिकाबाई तळ्याच्याच, त्या शनिवारी घरी निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देते. होळीच्या सकाळी पहिल्या एसटीने मी निघणार आहे. माणगावला गाडी बदलून दुपारी दोनपर्यंत पोचेन. पण ह्यांची जीभ ऐन वेळी अडली आणि मनुबाईकडून मागून घेतलेल्या मोबाईलवर ह्यांचा फोन आला, तर माणगावहूनच मागे फिरावं लागेल. म्हणून हात जोडून सांगते, आईला काही सांगू नकोस. या वेळी तिला डाळ भिजवू देऊ नकोस, पडवीत बसू देऊ नकोस. तू एकटीच स्टँडवर ये. मी गाडीतून उतरलेली तुला दिसले, तरच तिला सांग.

तुझीच ताई,
गोदू