नाव घेतलं

देऊळघाट, १९७३

अहो,

तुमच्या मायले घेऊन दिल्लीचं जवानांचं स्मारक पाहून आली. उलट्या बंदुकीवर लोखंडी टोप हाये, त्याच्यावर नाव कोणाचंच नाही. "फूल कोणाच्या नावानं?" पहारेकऱ्यानं इचारलं. मी तुमच्या मायकडं पाह्यलं. नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुष्य घटते, हे मले मायनंच शिकवलेलं. तुम्ही लढाईत बेपत्ता झाले तवापासून तं मी लयच जपलं.

मायनंच माह्या पाठीवर हात ठेवला. "घे वं बाई आता. वाट पाहून थकलो आपण."

मी मोठ्यानं घेतलं, "सहदेव."

माय तिथंच खाली बसल्या.

या पत्रावर घालाले पत्ता नाही. पेटीत ठेवते, तुमच्या सदऱ्याखाली.

तुमची,
केसर