पातं लहान झालं, धूळ नाही

नीपरकाठ, १४ मार्च १९८३

प्रिय मात्वी,

खुशाली विचारत नाही. बढतीवर मॉस्कोला गेलेला माणूस खुशालच असणार. मी मात्र चार दिवस नुसती धुमसते आहे. तुझ्या छोट्या विमान-इंजिनाच्या टर्बाइनचं पातं चाचणीत चाळिसाव्या तासाला जळालं, आणि चौकशी समितीनं खापर फोडलं मोत्रिया ह्नातिव्नांवर! पात्याच्या पोटातून थंड हवेला वाट राहावी म्हणून साच्यात ठेवायचे ते नाजूक गाभे सव्वीस वर्षं हातानं घडवणारी बाई. म्हणे, गाभ्याचा तुकडा आत राहिला, वाट तुंबली. सात मार्चला महिला दिनाची मिमोसाची फुलं दिली, दहाला ठपक्याचा कागद. लाजा कशा वाटत नाहीत यांना? उद्या निकाल. ठपका कायम झाला की बाईंची ओतशाळेतून हकालपट्टी.

आणि त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? "अगं झोयेच्का, चुकलंही असेल माझं. डोळे कुठे राहिलेत आता पूर्वीसारखे!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ते पातं उभं कापून घेतलं. आतली वाट स्वच्छ, तुकडा नाही की खपली नाही. पुढच्या कडेची बारीक भोकं तेवढी बुजलेली, भाजून घट्ट झालेल्या धुळीनं. मोठ्या इंजिनाचं पातं तू जसंच्या तसं आकसवून एक तृतीयांश केलंस. पातं लहान झालं, भोकं लहान झाली. हवेतली धूळ कशी लहान होईल? मी सांगत होते, ती भोकं काढून टाक, हवा मागच्या कडेच्या रुंद फटीतून सोड. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "झोया, पोरगी आईवर गेलीय, एवढंच. कसली काळजी करतेस?" सगळे हसले. मीही हसले.

ड्रॉइंग पुन्हा बघावं असं समितीत कुणाच्या मनातही आलं नाही, कारण 'तपासले' या चौकटीत सही आहे. माझी. गेल्या वर्षी महिला दिनाच्या आधी टेबलावर केक होता, पेले भरलेले होते, आणि तू एका हातात मिमोसा नि दुसऱ्या हातात ड्रॉइंग घेऊन आलास. सणाआधी सही झाली की तिथंच पेला उंचवायचा, ही आपली रीत. चूक मला दिसत होती, मात्वी. तरी मी सही केली. तुला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

उद्या दहा वाजता कापलेलं पातं समितीपुढे ठेवून मी दोघांची नावं घेणार आहे, आधी माझं. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं सांगून झालेलं असेल. तार केली नाही ती मुद्दामच. तू फोन केला असतास, आणि तुझा आवाज ऐकून मी पुन्हा सही केली असती.

एके काळी तुझीच,
झोया