आत्याची हळदीची गाणी

शनिवार, संध्याकाळ

तीन महिने नुसतं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडत बसलो. हे घेऊ की ते? आज शेजारचे माग बंद, खडखडाट नाही, म्हणून करकंबहून आत्याला बोलावलं. सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नाहीत.

तिनं हळदीची सगळी गाणी म्हटली. काहीच ठरलं नव्हतं, म्हणून मी एक फुकटातलं ट्रायल सॉफ्टवेअर लावलेलं. त्यात सेव्हच होत नाही, हे गाणी संपल्यावर कळलं! साधा मोबाईल का नाही ठेवला समोर? आता तिचा घसा बसलाय, आणि सोमवारी ऑपरेशन.

रडकुंडीला येऊन तिला सांगितलं. तीच चकित झाली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आरं, ल्हानपणापासनं ऐकतुयास की. तुला एकबी पाठ न्हाय व्हय?"

नाही. एकही नाही.