भांडायला आणि विसंबायला

तीर्थरूप आई,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हा नमस्कार लेखी.

मी बरी आहे. धुलाईखान्यातल्या वाफेने हात जरा सोलवटलेत, पण थंडीत ऊब मिळते.

आमच्या मुकादमबाई जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी शिकवतात. काय शिकवतात म्हणून सांगू! आपल्या 'हिच्याशी', 'हिच्यावर' मधलं 'शी' आणि 'वर' इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटाला लागतं. क्रियापदं दोन असली की प्रत्येकाला आपापलं हवं. माझ्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा बाईंनी धुतलेली चादर उचलली, दोन टोकं मला दिली, दोन स्वतः धरली. म्हणाल्या, "तू एक क्रियापद, मी दुसरं. आता टोकं सोड." अर्धी चादर जमिनीवर! पुन्हा धुवावी लागली, पण मला लख्ख कळलं: एका क्रियापदाने आपलं शेपूट सोडलं, की अर्धं वाक्य खाली पडतं.

मग प्रत्येकीने घरच्या माणसावर वाक्य करायचं होतं. मी म्हटलं, "आय हॅव समवन टू फाइट विथ अँड टू रिलाय ऑन." म्हणजे, भांडायलाही तीच आणि विसंबायलाही तीच.

बाईंनी विचारलं, "कोण, नवरा?"

"छे, सासू!"

सगळ्या खो खो हसल्या.

माझी धाकटी शाळेत जाताना अजून रडते का? खरं सांगा. आणि गुडघ्याला तेल लावा, त्यावर वाद नको.

इथे सगळ्या माझ्याशी फार गोड बोलतात, आई. भांडावं असं कुणीच नाही.

तुमची,
उलट बोलणारी सून