खोलीबाहेरचा माणूस

प्रिय ग्लेन,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी हवापाण्याच्या पुढे सरकत नाहीस, म्हणून आज सरळ लिहायलाच बसले. आईची तब्येत बरी आहे. नाताळला तिने तुझ्यासाठी पीनट बटरचे चॉकलेट लाडू करून ठेवले होते. तू आला नाहीस, तेव्हा रागारागाने ते सगळे तिने एकटीने संपवले आणि मग पोट धरून बसली. दोष अर्थात तुझाच निघाला.

आपलं ब्रायर्टन गाव अजून तुझ्यावर रुसलेलं आहे. व्हर्नच्या सलूनमध्ये तुझा कॉलेजच्या फुटबॉल संघातला, चिखलाने माखलेला असतानाचा फोटो आहे ना, तो त्याने भिंतीकडे तोंड करून टांगलाय. मी मुद्दाम आत गेले. म्हटलं, व्हर्न, हे काय पोरकट चाललंय? तो कात्री न थांबवता म्हणाला, "तुझा भाऊ राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीत बसतो, आपली पोरं अख्ख्या हंगामात एक सामना हरत नाहीत, आणि तरी आपल्याला स्पर्धेत जागा मिळत नाही. मग फोटोची पूजा करू का?" मी म्हटलं, ग्लेन आत नव्हताच. भाचा ज्या संघात आहे त्या संघाचं नाव निघालं की मामाने उठून बाहेर जायचं, असा नियम आहे. व्हर्नने विचारलं, "आणि मोठ्या कॉलेजांची माणसं? ती नाही जात बाहेर?" जातात, मी म्हटलं, पण त्यांच्यातला एक उठला तर त्यांच्याच गटातले दुसरे आत बसलेले असतात. आपला एक उठला की आपलं कुणीच उरत नाही. यावर त्याने जी शिवी हासडली ती मी आईलासुद्धा सांगितली नाही. फोटो मात्र अजून तसाच आहे.

स्पर्धेचे संघ जाहीर झाले तो रविवार तू इथे पाहिला नाहीस, म्हणून सांगते. अख्खं गाव कॉलेजच्या जिममध्ये जमलं होतं. पोरांनी टाय लावले होते, माझ्या कोल्बीने त्याच्या बाबांचा, डेलचा टाय लावला होता. डेल गेल्यापासून तो कपाटातून पहिल्यांदाच बाहेर आला. टीव्हीवाले कॅमेरे घेऊन आले होते. पोरं नाचताना दाखवायची, म्हणून. लहान कॉलेजांच्या गटांसाठी राखलेली एकुलती एक जागा किनाऱ्याकडच्या त्या संघाला गेली. तेही एकही सामना हरले नव्हते, त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण शेवटची जागा तीन सामने हरलेल्या एका मोठ्या कॉलेजला मिळाली. कॅमेरा पोरांच्या तोंडावरून हलेना. मग कोल्बी उठला आणि मुकाट्याने खुर्च्या मिटायला लागला. एकेक करून बाकीचेही उठले. कॅमेरावाल्याची खुर्चीही त्यांनी मागून घेतली.

नंतर समितीच्या अध्यक्षांनी टीव्हीवर सांगितलं की आमची पोरं चांगली आहेत, पण ती खेळली कुणाशी? हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोच डॅन्को किती वर्षं त्या मोठ्यांना फोन करतोय, आमच्याशी खेळा म्हणून. आमच्या गावी येणं त्यांना जमत नाही, आम्ही त्यांच्याकडे येतो म्हटलं तर पुढच्या वर्षी बघू. हरण्याची भीती त्यांना, आणि बोल आम्हाला. शनिवार मोठ्यांच्या सामन्यांसाठी, म्हणून आमची पोरं नोव्हेंबरात मंगळवारी संध्याकाळी बर्फात खेळणार, आणि मग समितीतले लोक विचारणार, यांना खेळताना पाहिलंय कुणी? तू पाहिलं होतंस. त्या खोलीतला तू एकटाच होतास ज्याने आमचे सामने बाकावर कुडकुडत पाहिले होते, आणि तुलाच बाहेर उभं केलं.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. तू आत बसून भाच्यासाठी बोलला असतास, तर उद्या तेच लोक बोट दाखवायला मोकळे झाले असते. पण असला सरळ नियमही आपल्यावरच जड का पडावा, हे मला कळत नाही. स्पर्धेत जागा न मिळालेल्यांसाठी असतो त्या नाताळआधीच्या दुय्यम सामन्यात आमची पोरं अर्ध्या रिकाम्या मैदानावर जिंकली. मी सारखी तुला शोधत होते.

तुला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. आपण बाहेर कॉफी घेऊन उभे राहिलो आणि पोराला वाऱ्यावर सोडलं, असं तुला वाटतं. म्हणून तू तोंड लपवतोस. पण इकडे कोल्बीचं काय चाललंय ते ऐक. गेल्या वर्षी एका मोठ्या कॉलेजने त्याला आपल्या संघात बोलावलं होतं. तो गेला नाही, कारण मामाच्या नंबरचा शर्ट त्याला इथेच घालायचा होता. परवा भांडी पुसता पुसता म्हणाला, "आई, मी तिकडे गेलो असतो तर मामाला आत बसता आलं असतं. माझ्यामुळे त्याचं तोंड बंद झालं. म्हणून तो येत नाही." मला रडू आवरेना. दोघेही एकमेकांचे गुन्हेगार होऊन बसला आहात, आणि गुन्हा दोघांपैकी कुणाचाच नाही.

आता खरं कारण लिहिते. जानेवारीच्या शेवटी संघाचं जेवण आहे. शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या खांद्यावर लोकरीचं ब्लँकेट घालतात आणि ते कुणी घालायचं हे पोरानेच ठरवायचं, हे मी तुला काय सांगणार, तुझ्यावर बाबांनी घातलं होतं. कोल्बीने तुझं नाव दिलंय. त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी दिलं, मला मात्र कोच डॅन्कोकडून आत्ता कळलं. तुला विचारायची त्याला हिंमत होत नाही, म्हणून मी विचारतेय. तिथे सगळं गाव असेल, व्हर्नही असेल, आणि लोक तुझ्याकडे बघतील, बघू देत. कोल्बीचं नाव पुकारलं की तू उठायचंस. फक्त या वेळी दाराकडे जायचं नाही, त्याच्याकडे जायचं.

तुझीच,
रोझलिन